मतं मागायला निघालेला रॉकफेलर

‘गव्हर्नर’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक मलबार हिलवरच्या राज्यपाल-निवासातलं. समोर समुद्र, मागे हिरवळ, आणि नव्या मंत्र्यांना शपथ देणारे राज्यपाल. दुसरं, निदान आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांपुढे येणारं, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं. म्हणजे खरं तर त्यांच्या सहीचंच. ती खिशातल्या नोटेवर असते. या दोन्ही गव्हर्नरांत एक साम्य आहे. दोघंही नेमलेले असतात. मत मागायला दोघांपैकी कुणी आपल्या दारात येत नाही. बांगलादेश युद्धात ढाक्याच्या शरणागतीची सूत्रं ज्यांनी हलवली ते लेफ्टनंट जनरल जेकब १९९८ साली गोव्याचे राज्यपाल झाले. पण त्यासाठी त्यांना पणजीच्या बाजारात हात जोडून फिरावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या घटकराज्याचा गव्हर्नर हे वेगळंच प्रकरण आहे. आपला मुख्यमंत्री आणि राज्यपाल एकत्र केले तर साधारण तसा माणूस तयार होईल. लोक त्याला थेट मतदानाने निवडतात. राज्याचा कारभार तो चालवतो, विधिमंडळाच्या कायद्यावर नकाराधिकार वापरतो, राज्याच्या नॅशनल गार्ड या सैन्यदलाचा तो प्रमुख असतो, आणि अनेक राज्यांत देहदंडाची शिक्षा कमी करण्याबाबतही त्याचा शब्द निर्णायक असतो. या खुर्चीसाठी उभा राहणारा एक ठरावीक उमेदवार अमेरिकेत पुन्हापुन्हा दिसतो. तरुणपणी सैन्यात, नंतर मोठ्या कंपनीत किंवा बँकेत वरच्या जागेवर, आणि मग राजकारणात. २०२२ साली मेरीलँडमध्ये निवडून आलेला वेस मूर अफगाणिस्तानात लढलेला आणि गुंतवणूक बँकेत काम केलेला. मिझुरीत २०१६ साली निवडून आलेला एरिक ग्रायटन्स हा तर नौदलाच्या खास पथकातला. कंपनीचा अनुभव मात्र त्याच्यापाशी नव्हता, आणि दीड वर्षातच, २०१८ मध्ये, त्याला आरोपांच्या गदारोळात राजीनामा द्यावा लागला.

अशा उमेदवाराचं म्हणणं बहुधा एकच असतं. मी गोळीबारात माणसं सांभाळली आहेत, मी कंपनीचे हिशेब सांभाळले आहेत. या राजकारण्यांना बाजूला सारा, मी राज्य सरळ करून दाखवतो. ऐकायला बरं वाटतं. आपल्याकडेही चहाच्या टपरीवर ‘देश मिलिटरीच्या हातात द्यायला पाहिजे’ किंवा ‘एखाद्या टाटा-बिर्लाला नेमा’ असं म्हणणारे रोज भेटतात. म्हणून मला या जातीच्या उमेदवारांतला एक जुना माणूस फार दिवस खुणावतो आहे. सैनिक तर तो होताच, आणि शेठ म्हणाल तर जगातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यातला. त्याचं नाव विन्थ्रॉप रॉकफेलर.

स्टँडर्ड ऑइलच्या जॉन डी. रॉकफेलरचा हा नातू. जन्म १९१२ चा. पाच भावांतला चौथा. थोरल्यांपैकी नेल्सन पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला, धाकटा डेव्हिड चेस मॅनहॅटन बँकेचा प्रमुख झाला. घरात शिस्त अशी की मुलांना खाऊचे पैसे मिळत ते हिशेबाच्या वहीसकट. प्रत्येक सेंट लिहायचा. हिशेब चोख असला तर बक्षीस, चुकला तर दंड. (आमच्या पिढीत कारकुनाच्या घरीही हेच चाले, फक्त बक्षिसाची भानगड नव्हती.) या घरात विन्थ्रॉप हा जरा ओवाळून टाकलेला मुलगा. येल विद्यापीठ त्याने अर्धवट सोडलं आणि तो टेक्सासच्या तेलविहिरींवर गेला. तिथे मजुरांबरोबर मजुरी केली. ती त्याला मनापासून आवडली असावी, कारण माणसांत मिसळण्याची त्याची सवय तिथली. पुढे बँकेत उमेदवारी, मग सोकोनी-व्हॅक्यूम या तेल कंपनीत नोकरी.

१९४१ च्या सुरुवातीला, पर्ल हार्बर अजून व्हायचं होतं तेव्हा, तो सैन्यात भरती झाला. अधिकारी म्हणून नव्हे, साधा शिपाई म्हणून. चढत चढत लेफ्टनंट कर्नल झाला. ७७ व्या पायदळ डिव्हिजनबरोबर तो ग्वाम, लेटे आणि मग ओकिनावाला गेला. २ एप्रिल १९४५ रोजी त्याच्या ‘हेन्रिको’ या जहाजावर एक जपानी कामिकाझे विमान येऊन आदळलं. रेजिमेंटचे वरिष्ठ अधिकारी जागीच ठार झाले. विन्थ्रॉप भाजला होता. तरी उरलेल्यांत तोच वरचा, म्हणून जहाजावरच्या सैनिकांची सूत्रं त्याने हातात घेतली. ही गोष्ट निवडणुकीच्या पत्रकासाठी रचलेली नव्हती. ती घडली तेव्हा त्याला निवडणुकीचं स्वप्नही पडलेलं नव्हतं.

युद्धानंतरची काही वर्षं मात्र वाया गेल्यासारखी. न्यूयॉर्कच्या रात्रीच्या क्लबांतून वावर, दारू, गाजावाजा करून झालेलं लग्न, त्याहून मोठा गाजावाजा करून मोडलेलं लग्न. वर्तमानपत्रांना तो आयताच सापडला होता. १९५३ साली, सैन्यातल्या एका मित्राच्या ओळखीने, तो आर्कान्सॉ राज्यात राहायला गेला. (स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ आहे, उच्चारात नाही.) अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे गरीब राज्य, कापूस, भात आणि डोंगर. पेटी जीन नावाच्या डोंगरावर त्याने हजारो एकरांचं शेत उभं केलं, उत्तम जातीची जनावरं पाळली. शेजाऱ्यांना वाटलं, शेठजी घटस्फोटाच्या भानगडीतून पळून आलेत, दोन वर्षांत कंटाळून परत जातील. तो मरेपर्यंत तिथेच राहिला.

१९५५ मध्ये राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने त्याला औद्योगिक विकास आयोगाचं अध्यक्ष केलं. ही फॉबसची चतुराई. रॉकफेलर हे आडनाव दारावर लावलं की कारखानदार आपोआप येतील, हा हिशेब. आणि ते आलेही. विन्थ्रॉपच्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीत राज्यात शेकडो कारखाने उभे राहिले. पण मध्येच १९५७ साल आलं. लिटल रॉक या राजधानीतल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळायचा होता. फॉबसने नॅशनल गार्डचे सैनिक शाळेच्या दारात उभे केले, ते मुलांना आत जाऊ न देण्यासाठी. विन्थ्रॉपने त्याआधी फॉबसला भेटून हे करू नका म्हणून परोपरीने सांगितलं होतं. फॉबसने ऐकलं नाही. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवरने १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि संगिनींच्या पहाऱ्यात ती मुलं वर्गात गेली. पुढच्या वर्षी तर शहरातली सरकारी हायस्कूलंच बंद ठेवली गेली. फॉबसला याचा तोटा झाला नाही. मतं वाढली. तो निवडून येतच राहिला.

ज्याने आपल्याला पद दिलं त्याच्याच विरुद्ध विन्थ्रॉप १९६४ मध्ये उभा राहिला. त्या राज्यात १८७४ नंतर रिपब्लिकन पक्षाचा एकही गव्हर्नर झालेला नव्हता. रिपब्लिकन म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेला हरवणाऱ्या लिंकनचा पक्ष. नव्वद वर्षं झाली तरी राग गेलेला नव्हता. त्यात हा न्यूयॉर्कचा, घटस्फोटित, दारू पिणारा, कोट्यधीश. वक्ता म्हणूनही यथातथा. पायांत काऊबॉय बूट आणि डोक्यावर रुंद हॅट घालून तो तालुक्यातालुक्यांतून हिंडला, हात मिळवत राहिला. फॉबसला ५७ टक्के मतं पडली, त्याला ४३.

पुढे त्याने जे केलं ते मला उमेदवारीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, आणि त्यात त्याच्यातला कंपनीवाला दिसतो. हरल्यावर त्याने पदरच्या पैशाने माणसं नेमली आणि मतदानाचे कागद तपासायला लावले. जसं एखाद्या शाखेत घोटाळ्याचा वास आला की आमच्याकडे तपासनीस यायचे. टपालाने आलेल्या मतांत भरपूर गडबड सापडली. त्याचं स्वतःचं शेत ज्या कॉनवे परगण्यात होतं तिथला शेरीफ मार्लिन हॉकिन्स याची मतांवरची पकड दंतकथेसारखी होती. या गृहस्थाने १९९१ साली आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं, ‘मी निवडणुका कशा चोरल्या’. नाव थट्टेने दिलेलं आहे असं म्हणतात. असेल.

मतदानासाठी तिथे डोईपट्टी भरून पावती घ्यावी लागे. रक्कम एक डॉलर. पण गरिबाला ती जड आणि पुढाऱ्याला घाऊक पावत्या खरेदी करायला सोयीची. १९६४ च्या नोव्हेंबरात राज्याच्या मतदारांनीच ती रद्द केली. १९६५ मध्ये केंद्राचा मतदान हक्क कायदा आला. हजारो कृष्णवर्णीय मतदारांची नव्याने नोंद झाली. १९६६ मध्ये फॉबस उभा राहिला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने उभा केला जिम जॉन्सन, कट्टर वंशभेदवादी. प्रचारात कृष्णवर्णीयांशी हात मिळवायलाही नकार देणारा. विन्थ्रॉप सगळ्यांशी हात मिळवत होता. ५४ टक्के मतं घेऊन तो निवडून आला. या विजयात रॉकफेलरचा पैसा होताच. पण ज्यांच्या मतांनी पारडं फिरलं त्यांना त्या पैशाची गरज नव्हती. त्यांच्यापुढे हात करणारा उमेदवार एकच होता.

आता खरी परीक्षा. आमच्या बँकेत सैन्यातून निवृत्त झालेले काही अधिकारी सुरक्षा खात्यात येत. वेळेचे पक्के, कामाचे चोख. पण युनियनशी बोलणी करायला त्यांना बसवलं की त्यांची पंचाईत होई. हुकूम सोडल्यावर समोरचा ‘बघू’ म्हणतो, या गोष्टीची त्यांना सवयच नसे. विन्थ्रॉपचं असंच काहीसं झालं. विधिमंडळात १३५ सभासद. त्यांत त्याच्या पक्षाचे तीन. आर्कान्सॉत गव्हर्नरचा नकाराधिकार साध्या बहुमताने उलटवता येतो, म्हणजे त्याचं ते हत्यारही बोथट. ज्या आमदारांना दालनात बोलावून, चहा पाजून, मतदारसंघातल्या रस्त्याचं विचारून आपलंसं करायचं, त्यांना हा डोंगरावरचा माणूस भेटायचाच कमी. कामाच्या वेळा अनियमित. दारूची कुजबुज होतीच. काही अधिकाऱ्यांचे पगार सरकारी चाकोरीत पुरेसे नव्हते तर त्याने वरची रक्कम खिशातून दिली. हेतू चांगला, पण आमदाराला ते झोंबणार नाही तर काय? ज्या खर्चाला मंजुरी देणं हे त्याचं बळ, तोच खर्च हा परस्पर भागवतो.

तरी झालं ते कमी नाही. राज्याला किमान वेतनाचा कायदा मिळाला. १९६७ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. आपल्याकडे तो देशभर यायला २००५ साल उजाडावं लागलं. हॉट स्प्रिंग्ज या गावात वर्षानुवर्षं पोलिसांच्या डोळ्यांदेखत चाललेले जुगाराचे अड्डे बंद झाले. सरकारी मंडळांवर, पोलिसांत, आजवर जिथे कृष्णवर्णीय माणूस दिसला नव्हता तिथे तो दिसू लागला.

आणि तुरुंग. राज्याचे दोन तुरुंग, टकर आणि कमिन्स, म्हणजे प्रत्यक्षात प्रचंड शेतं होती. कैद्यांनी राबायचं, पीक विकायचं, त्यातून तुरुंगाचा खर्च निघून वर राज्याला पैसे मिळायचे. ताळेबंदापुरतं पाहणाऱ्याला याहून आदर्श खातं सापडणार नाही. पहारेकरीसुद्धा पगारी नव्हते. कैद्यांतल्याच मर्जीतल्यांच्या हाती बंदुका दिलेल्या. शिक्षा म्हणून चामड्याचा पट्टा. टकरमध्ये एक जुना, मूठ फिरवायचा टेलिफोन होता. त्याच्या तारा कैद्याच्या अंगाला जोडून विजेचे झटके देत. या सगळ्याचा पोलिस अहवाल फॉबसच्या काळातच तयार झाला होता आणि दडपला गेला होता. विन्थ्रॉपने सत्तेवर येताच, जानेवारी १९६७ मध्ये, तो लोकांपुढे ठेवला.

तुरुंग सुधारायला त्याने टॉम मर्टन नावाचा जाणकार आणला. मर्टन धडाडीचा आणि तोंडाळ. जानेवारी १९६८ मध्ये त्याने कमिन्सच्या आवारात पत्रकारांसमोर खोदायला लावलं. तीन सांगाडे निघाले. मारलेले कैदी इथे पुरले आहेत असं त्याचं म्हणणं. सरकारी बाजू म्हणाली, ही बेवारशांची जुनी दफनभूमी. जगभर बातमी झाली. दोन महिन्यांत मर्टनला काढून टाकण्यात आलं. इथे मला विन्थ्रॉपचा राग येतो. जहाजावर जळत असताना जो डगमगला नाही तो वर्तमानपत्रातल्या मथळ्यांनी डगमगला. मला वाटतं, त्याच्यातल्या सैनिकाला मर्टन पटला असता. नऊ वर्षं राज्याची जाहिरात करून कारखाने आणणाऱ्या माणसाला राज्याच्या नावावरचा डाग सोसवला नाही. पुढे मर्टनच्या अनुभवावर बेतलेला ‘ब्रुबेकर’ हा चित्रपट १९८० मध्ये आला, रॉबर्ट रेडफर्डचा. आणि न्यायाधीश जे. स्मिथ हेन्ली यांनी १९७० मध्ये आर्कान्सॉची अख्खी तुरुंगव्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. देशात असं प्रथमच घडलं.

याच १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली. शहरोशहरी जाळपोळ सुरू होती. ७ एप्रिलला लिटल रॉकमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर हजारो कृष्णवर्णीय जमले, आणि त्यांच्यात गव्हर्नर आपल्या पत्नीसह येऊन उभा राहिला. शेजारच्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंचे हात धरून दोघांनी नागरी हक्क चळवळीचं ते गाणं म्हटलं. (त्याचं हिंदी रूप आपल्या शाळांतून मुलं अजून गातात.) दक्षिणेतल्या दुसऱ्या कुठल्याही गव्हर्नरने असं केलं नाही. नोव्हेंबरात निवडणूक होती, तेव्हा गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची असे. सल्लागारांनी काय सांगितलं असेल ते सांगायला नकोच. तरीही तो ५२ टक्के मतांनी परत आला. गंमत पाहा: त्याच दिवशी त्याच राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी सर्वाधिक मतं दिली वंशभेदवादी जॉर्ज वॉलेसला. मतदाराच्या मनाचा थांग लागला असं म्हणणाऱ्या पंडितांनी आर्कान्सॉतली १९६८ ची मोजणी एकदा जरूर पाहावी.

दुसऱ्या खेपेला त्याने शाळा, रुग्णालयं, तुरुंग यांच्यासाठी राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी करवाढ सुचवली. हिशेब चोख होता, बहुतेक बापाच्या वहीइतकाच. पण तिथे प्राप्तिकर वाढवायला तीन चतुर्थांश मतं लागतात. विधिमंडळाने प्रस्ताव जवळजवळ सगळा परत केला. १९७० मध्ये, दोनच मुदती राहीन असं पूर्वी सांगितलेलं असूनही, तो तिसऱ्या मुदतीसाठी उभा राहिला. फॉबसही पुन्हा मैदानात उतरला होता; पण डेमोक्रॅट मतदारांनी आपल्या पक्षातच त्याला घरी बसवलं आणि डेल बंपर्स नावाच्या खेड्यातल्या वकिलाला उमेदवारी दिली. हसतमुख, गोडबोल्या, रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवणारा माणूस. तोही युद्धात मरीन होता, पण ते सांगत फिरला नाही. विन्थ्रॉपला जेमतेम एक तृतीयांश मतं मिळाली. १९७१ मध्ये बंपर्सने त्याच विधिमंडळाकडून प्राप्तिकराची वाढ मंजूर करून घेतली.

पराभव झाला नोव्हेंबरात. खुर्ची सोडायला काही आठवडे उरले होते. २९ डिसेंबर १९७० रोजी विन्थ्रॉपने राज्यातल्या देहदंडाच्या कोठड्यांत असलेल्या सर्व कैद्यांची शिक्षा कमी केली. एकूण १५ माणसं. ११ कृष्णवर्णीय, ४ गोरे. आपल्या कारकिर्दीत त्याने एकालाही विजेच्या खुर्चीवर बसू दिलेलं नव्हतं, आणि आता जाताजाता त्याने दारच लावून घेतलं. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा केलं, असं टीकाकार म्हणाले. ते खरंच आहे. पण गमावण्यासारखं काही न उरलेले गव्हर्नर दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे असतातच. त्याने देशभरच्या गव्हर्नरांना असंच करा म्हणून आवाहन केलं. एकानेही केलं नाही.

२२ फेब्रुवारी १९७३ रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. वय ६०. त्याचा मुलगा विन पॉल १९९६ ते २००६ त्याच राज्याचा उपगव्हर्नर होता.

आर्कान्सॉत देहदंडाची पुढची अंमलबजावणी झाली ती १९९० मध्ये. तेव्हा गव्हर्नर होता बिल क्लिंटन. जानेवारी १९९२ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार ऐन रंगात असताना, तो न्यू हॅम्पशायरचा दौरा सोडून विमानाने लिटल रॉकला परत आला. रिकी रे रेक्टर नावाच्या, मेंदूला इजा झालेल्या कैद्याला त्या रात्री मृत्युदंड द्यायचा होता, आणि गव्हर्नर आपल्या राज्यात हजर असणं त्याला जरुरीचं वाटलं.